आयरिस आवडत नाही, हे सांगायचं कसं?

पत्र:

ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, टिळकवाडीत राहते. आम्ही पाच मैत्रिणी. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाने 'द फ्लॅश' लावून दिली आणि आम्हाला सुपरहिरोंच्या मालिकांचं वेडच लागलं. मग 'डेअरडेव्हिल' झाली, 'द बॉईज' हिंदीत बघून झाली. रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, बघायचं आणि रात्री ग्रुपवर भांडायचं, असं चाललेलं असतं. मला फ्लॅशमधली आयरिस, म्हणजे नायक बॅरीची प्रेयसी, पहिल्यापासून आवडत नाही. मी ग्रुपवर लिहिलं, की ती हिरॉइन वाटतच नाही, बॅरीला शोभत नाही, हिला घेतलंच कसं. सगळ्या हसल्या. मग तेच मी इंग्रजीत त्या अभिनेत्रीच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोखाली टाकलं. बरेच लाईक पडले, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर दाखवला. त्या दिवसापासून आमच्यातली एक गप्प झाली आणि दोन दिवसांनी ग्रुपमधून बाहेर पडली. ती खानापूर तालुक्यातली, इथे मावशीकडे राहून शिकते. सावळी आहे. अभिनय आमच्या कॉलेजात तिच्यासारखा कुणाला येत नाही, पण गॅदरिंगच्या नाटकात तिला कायम म्हातारी नाहीतर मोलकरीण मिळते. विचारलं तर 'काही नाही गं' एवढंच म्हणते. बाकीच्या म्हणतात, मालिकेवरून कुणी एवढं मनाला लावून घेतं का? भाऊ म्हणतो, मत मांडायचा हक्क सगळ्यांना आहे. मी तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, ताई. आता मी माझं मत बदलायचं का? आणि आणखी एक. शेवटचा नववा सीझन आम्ही पाचजणींनी मिळून बघायचा म्हणून राखून ठेवलाय. तिच्याशिवाय बघावा का?

– एक वाचक, बेळगाव

उत्तर:

मत बदलू नकोस. आयरिस तुला आवडत नसेल तर नाही आवडत. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि त्याबद्दल माफीही मागायची नसते. पण तू ग्रुपवर लिहिलंस ते आयरिसबद्दलचं मत होतं का, हे एकदा शांतपणे बघ. तुझी वाक्यं तूच मला पाठवली आहेस. हिरॉइन वाटत नाही, शोभत नाही, हिला घेतलंच कसं. यात आयरिस काय बोलली, कशी वागली, कुठल्या भागात तिचा राग आला, याचा एक शब्द नाही. तिचं काम करणाऱ्या कॅन्डिस पॅटनने कुठला प्रसंग वाईट केला, तेही नाही. हे सगळं वजा केलं की मागे उरतो फक्त चेहरा आणि रंग. तुझ्या मनात रंग नव्हता, असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं आणि मी ते खरं मानते. पण वाचणारीला तुझं मन दिसत नाही, तिला वाक्य दिसतं. आणि तुझ्या मैत्रिणीच्या कानावर ही वाक्यं पहिल्यांदा पडलेली नाहीत. गॅदरिंगच्या नाटकाचं पात्रवाटप होतं तेव्हा ती याच अर्थाचं काहीतरी दरवर्षी ऐकते. तिथे ती गप्प बसते, कारण सर ठरवतात, मॅडम ठरवतात. तुमच्या ग्रुपवर तरी तिला तसं गप्प बसावं लागू नये, असं तिला वाटत असणार. म्हणून ती बाहेर पडली.

तू ज्या फोटोखाली लिहिलंस, त्या बाईबद्दलही थोडं सांगते. कॉमिक्समध्ये आयरिस 1956 साली पहिल्यांदा आली आणि पुढे कित्येक वर्षं ती गोरीच रंगवली गेली. 2014 साली मालिका सुरू झाली, त्यात ही भूमिका कॅन्डिस पॅटन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मिळाली. तिची निवड झाल्यापासूनच रंगावरून शिवीगाळ सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षं चालू राहिली. तिने स्वतः जाहीरपणे सांगितलंय, की सुरुवातीच्या त्या वर्षांत मालिका करणाऱ्यांनीही तिला हवा तसा आधार दिला नाही. 'टायटन्स' या दुसऱ्या सुपरहिरो मालिकेतल्या ॲना डायोपचं असंच झालं. तिची स्टारफायर कॉमिक्समध्ये चक्क नारिंगी कातडीची, परग्रहावरून आलेली. तरीही 2018 साली चित्रीकरणाचे फोटो बाहेर आले तेव्हा 'ही तशी दिसत नाही' म्हणून लोक तिच्यावर तुटून पडले. शेवटी तिला आपल्या फोटोंखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. नारिंगी रंगाची बाई कुणीच पाहिलेली नाही, तेव्हा खटकत काय होतं ते उघड आहे. तुझं वाक्य त्या ढिगात जाऊन पडलं. त्याला लाईक देणाऱ्या अनोळखी माणसांना बॅरी आणि आयरिसच्या जोडीबद्दल काही पडलेली असेल, असं मला वाटत नाही.

'चित्रातल्यासारखी दिसायला हवी' या हट्टाबद्दल आपण बेळगावकरांनी तरी जरा जपून बोलावं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं 'संगीत शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा शकुंतला पुरुषानेच उभी केली होती. पुढे त्यांच्याच मंडळीत बालगंधर्वांनी शकुंतला केली आणि लोकांनी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला. कालिदासाच्या शकुंतलेशी त्या नटाचं काय जुळत होतं? गळा, डोळे, पदर सावरायची लकब. प्रेक्षकाने एवढ्यावर बाकीचं सगळं मान्य केलं. आणि आज जत्रेतलं हौशी नाटक असो नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग, पात्रवाटपाला बसलं की गोरी ती नायिका आणि उंच तो नायक, हे तालमीच्या आधीच ठरून जातं. याची मला मनापासून चीड आहे. चांगल्या चांगल्या मुली त्यापायी स्टेजपासून कायमच्या लांब गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता आयरिसकडे येऊ. कारण तिच्याबद्दलची तुझी नावड मला खोटी वाटत नाही, उलट तिला बरीच कारणं आहेत. पहिला सीझन आठव. बॅरी फ्लॅश आहे हे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना माहीत, तिच्या वडिलांना माहीत, पुढे तिचा मित्र एडी यालाही कळतं. तिला मात्र सांगायचं नाही, असं वडील तिच्या भल्याच्या नावाखाली ठरवतात आणि बॅरीकडून तसं वचन घेतात. पंधराव्या भागात तिला कळतं, पण काळ मागे फिरतो आणि ते पुसलं जातं. खरोखर कळायला एकविसावा भाग उजाडतो. तोवर ही मुलगी पत्रकार असूनही तिला काहीच दिसत नाही आणि प्रेक्षकाला सगळं दिसतं. चिडचिड होणारच! पण ती चिडचिड लेखकांच्या खात्यावर मांड. ज्या पात्राला कथेने अंधारात बसवलंय, ते प्रेक्षकाला मंदच वाटणार, मग तिथे कुणीही असो. वर पहिल्या पाच सीझनमध्ये प्रत्येकी बावीस-तेवीस भाग. तेवढे भरायचे म्हणजे तोच गैरसमज, तेच लपवणं, तेच रुसणं पुन्हा पुन्हा येतं. 'डेअरडेव्हिल'चा सीझन तेरा भागांचा, तिथे पात्रांना असं पाणी घालावं लागत नाही. चौथ्या सीझनमध्ये आयरिस बॅरीला सांगते, की फ्लॅश म्हणजे आपण दोघं. त्या संवादावरून तिची किती चेष्टा झाली ते तुला माहीतच असेल. मलाही तो संवाद पटला नाही. एवढा मोठा दावा करायला त्याआधी काहीतरी घडलेलं दिसायला हवं होतं आणि ते पुरेसं दिसलं नव्हतं. हे बोलायला तुला कुणाची आडकाठी आहे? असं लिहिलं असतंस तर तुझी मैत्रीण तुझ्याशी तावातावाने भांडली असती, आणि तुम्हाला तेच तर हवं असतं.

कॅन्डिस पॅटनचं काम म्हणून बघायचं असेल, तर तिसऱ्या सीझनच्या शेवटाकडे परत जा. सॅव्हिटार हा खलनायक आयरिसला मारतो तो प्रसंग पहिल्यांदा आपण तिचं मरण म्हणूनच बघतो. पुढच्या भागात कळतं, की तिच्या जागी बॅरीचा साथीदार एच.आर. होता, तंत्राने तिचा चेहरा घेऊन उभा राहिलेला. म्हणजे त्या वेळी ती अभिनेत्री एच.आर. साकारत होती, आणि तो एच.आर. आयरिस साकारत होता. हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा लाव. तिचा चेहरा बघ, श्वास बघ, बॅरीकडे ती कशी बघते ते बघ. मग सांग, जमलंय की नाही. नाही जमलं म्हणालीस तरी चालेल. पण तेव्हा तू अभिनयाबद्दल बोलत असशील.

अभिनय कुठे बघायचा हे उमगायला या मालिकेत टॉम कॅव्हॅनाइतका चांगला नमुना नाही. चेहरा एकच, पण त्याने साकारलेले वेल्स नावाचे शास्त्रज्ञ किती! पहिल्या सीझनमधला थंड, हळू बोलणारा. दुसऱ्यातला सदा वैतागलेला हॅरी. तिसऱ्यातला एच.आर., हातात ड्रमच्या काड्या घेऊन फिरणारा आणि समोरच्याने आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून धडपडणारा. खांदे वेगळे, चाल वेगळी, वाक्य सुरू करायच्या आधीचं थांबणंही वेगळं. आणि पहिल्या सीझनचा तो पंधरावा भाग. बॅरीचा साथीदार सिस्को याला वेल्सचं सत्य कळतं. चाकांच्या खुर्चीत बसणारा वेल्स त्याच्यासमोर स्वतःच्या पायांवर उभा असतो. आवाज चढत नाही. तू मला मुलासारखा झालास, असं तो मायेने सांगतो आणि ती माया खोटी वाटत नाही, तीच गोष्ट अंगावर येते. मग त्याचा हात थरथरायला लागतो, इतका की बोटं धूसर होतात. समोर सिस्को झालेल्या कार्लोस वाल्डेसचे डोळे भरून आलेले. भीतीपेक्षा विश्वास तुटल्याचं दुःख त्या डोळ्यांत जास्त आहे. मला विचारशील तर त्या प्रसंगाचं अर्धं श्रेय वाल्डेसचं, पण नाव कायम कॅव्हॅनाचंच निघतं.

नट आणि पात्र एकच धरण्याची खोड दुसऱ्या बाजूनेही लागते. निळू फुले पडद्यावर गाव लुबाडणारे पुढारी रंगवत, आणि खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, सामाजिक कामात आयुष्यभर राबलेला. 'द बॉईज'मध्ये याच्या अगदी उलट होतं. अँटनी स्टारने होमलँडर हा दुष्ट सुपरहिरो असा काही उभा केलाय, की त्या क्रूर, आतून पोकळ माणसाच्या प्रेमात पडलेले लोक मला भेटतात. हसताना त्याच्या ओठांचं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही, आणि कुणी टाळ्या वाजवायची थांबलं की तोच चेहरा लहान मुलासारखा पडतो. ही त्या नटाची करामत. तिचं कौतुक करताना होमलँडरची बाजू घ्यायची गरज नाही. आणि ही मालिका तुम्ही हिंदीत बघितलीत, म्हणजे आवाज त्याचा नव्हे. निम्मा अभिनय आवाजात असतो. एखादा भाग मूळ इंग्रजीत लावून बघ, खाली अक्षरं येतात, समजायला अडचण येणार नाही. मग स्टारबद्दल बोल.

'डेअरडेव्हिल'मधल्या फिस्क या खलनायकाबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो एका पांढऱ्याशुभ्र चित्रासमोर उभा असतो. व्हेनेसा विचारते, हे बघून काय वाटतं? एवढा धिप्पाड माणूस, शब्द सापडायला त्याला वेळ लागतो, आणि एकटं वाटतं एवढंच म्हणतो. फिस्क झालेला व्हिन्सेंट डी'ऑनोफ्रिओ तिथे जवळजवळ हलतही नाही. त्या चित्रात त्याला लहानपणची कुठली भिंत दिसते हे आठव्या भागात कळतं, तोवर त्या एका थांबण्यात सगळं येऊन गेलेलं असतं.

आणि 'आयर्न फिस्ट'? या मालिकेचा पहिला सीझन तुम्ही बघितला असेल तर तिचा नायक फिन जोन्सला तुम्ही नक्की नावं ठेवली असणार. मारामाऱ्या ढिल्या आहेत, खरंय. पण लढतीच्या हालचाली शिकायला आपल्याला चित्रीकरणाआधी काही मिनिटंच मिळायची, असं त्याने स्वतः सांगितलंय. दुसऱ्या सीझनमध्ये लढती बसवणारा माणूस बदलला आणि तोच नट बरा दिसायला लागला.

आता तुझ्या मैत्रिणीचं बघू. आधी फोटोखालचं ते वाक्य काढून टाक, आज. लाईक मोजत बसू नकोस. मग तिच्याकडे जा, मावशीच्या घरी, एकटी जा. फोनवर नको आणि चौघींनी मिळून तर मुळीच नको. चार जणी समोर बसल्या की तिला 'काही नाही गं' म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. गेल्यावर 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असं बोलू नकोस, त्यात वाईट वाटून घेण्याचा दोष तिच्याच माथी जातो. सरळ सांग, की मी एका बाईच्या दिसण्यावरून वाईट बोलले, ते लोकांना दाखवून मिरवलं, आणि ते तुझ्यापर्यंत कसं पोचेल याचा विचार केला नाही. मग थांब. ती बोलेल तेवढं ऐक. ती रडली, चिडली, जुनं काही काढलं, तरी मध्ये तोंड घालू नकोस. 'पण तू किती गोड दिसतेस' हे तर अजिबात म्हणू नकोस. सावळ्या मुलींना आयुष्यभर हे सांत्वन ऐकावं लागतं आणि त्याने फक्त एवढंच कळतं, की समोरचीचंही लक्ष रंगावरच आहे. ती लगेच ग्रुपमध्ये परत आली नाही तर गळ घालू नकोस. तिला थोडा वेळ लागेल, आणि तो तिने घ्यावा.

ग्रुपवर मात्र तू लिहायला हवं, ती तिथे नसली तरी. तुझं बोलणं जिथे हसण्यावारी गेलं, तिथेच ते मागे घ्यायला हवं. दोन ओळी पुरेत. लांबलचक लिहिलंस तर सगळ्या तुझीच समजूत घालत बसतील. कुणी म्हणाली, मालिकेवरून एवढं काय, तर तिला सांग, मालिकेवरून काहीच झालेलं नाही, माझ्या बोलण्यावरून झालंय. भावाला म्हणावं, हक्क कुणी काढून घेतलेला नाही. त्याला आयरिसबद्दल खरंच काही म्हणायचं असेल तर भाग सांगून, प्रसंग सांगून बोल म्हणावं. मला वाटतं त्याच्याकडेही फारसं निघणार नाही.

एक गोष्ट तुझ्या हातात आहे आणि ती माफीपेक्षा मोठी आहे. तूच लिहितेस, की अभिनय तिच्यासारखा कुणाला येत नाही. हे तू तिला कधी सांगितलंस? गॅदरिंगचं नाटक बसवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना कधी सांगितलंस? पुढच्या वर्षी पात्रवाटपाच्या वेळी चौघी उभ्या राहा आणि म्हणा, मुख्य काम हिला देऊन बघा, सगळ्यांकडून एकच उतारा वाचून घ्या की. नाटक बसवणारी माणसं पुष्कळदा वाईट नसतात, घाईत असतात. समोर दिसणाऱ्या गोऱ्या चेहऱ्यावर त्यांचं बोट जातं. कुणी वाचून घ्यायचा आग्रह धरला तर ऐकतातही. नाहीच ऐकलं, तर बेळगावात, खानापुरात एकांकिका करणारी हौशी मंडळी आहेत, तिकडे तिला घेऊन जा. फक्त हे तिला विचारून करायचं. तिच्या वतीने लढायला निघालीस आणि तिलाच ते नको असलं तर पुन्हा तेच होईल.

राहिला नववा सीझन. तिच्याशिवाय बघू नका. फक्त तेरा भागांचा आहे, सगळ्यांत छोटा, पळून कुठे जात नाही. ती परत येईल तेव्हा पहिला भाग लावा. तोवर तुम्हाला रविवार रिकामा वाटत असेल तर पहिल्या सीझनचा तेविसावा भाग पुन्हा काढा, ज्यात बॅरी आईच्या मृत्यूच्या रात्रीत परत जातो. त्यात बॅरीच्या वडिलांचं काम करणारा जॉन वेस्ली शिप हा 1990 सालच्या मालिकेतला फ्लॅश. आता तो तुरुंगात बसून मुलाला निरोप देतो. तिथे बॅरी झालेला ग्रँट गस्टिन आणि शिप यांच्यात जास्त चांगलं कोण, यावर भांडा. मी शिपच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून ठेवते.

– ताई